भयाची घाई आणि विवेक

मोरा बंदराहून मुंबईस भाऊच्या धक्क्याला लाँचीनें जाणाऱ्या मनुष्यानें, भयाच्या समयीं आपला देह कसा वागतो, हें जाणून घेणें अगत्याचें आहे.

संकट दिसतांच मेंदू इशारा देतो. मूत्रपिंडांवरील ग्रंथि अ‍ॅड्रेनलिन नांवाचा रस रक्तांत सोडतात. काळीज धडधडतें व हातापायांच्या स्नायूंकडे अधिक रक्त धांवतें. ह्या स्थितीचें वर्णन अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन ह्यांनीं १९१५ सालच्या आपल्या ग्रंथांत केलें आहे.

मग भयानें मनुष्य चपळ होतो कीं मंद? दोन्ही होतो. वाटेंत साप दिसला तर पाय आधीं मागें येतो, आणि तो दोर होता हें मागाहून कळतें. येथें निवड करावयाची नसते. दिवा दिसतांच कळ दाबणें, एवढ्या सोप्या कामास तरुण मनुष्यास सुमारें एक पंचमांश सेकंद लागतो. परंतु अनेक गोष्टींतून एक निवडावयाची झाल्यास अधिक वेळ लागतो, हें हॉलंडचे डोंडर्स ह्यांनीं १८६८ सालीं दाखविलें. त्यांतच भय शिरलें म्हणजे दृष्टि धोक्यावर खिळते आणि दुसरा मार्ग सुचत नाहीं. कोणी चारचौघांमागें धांवतो, कोणी जागींच थिजतो.

१७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसास निघालेली 'रामदास' आगबोट लाटांच्या तडाख्यानें कलली. घाबरलेले उतारू एका बाजूस धांवले, तोल गेला व बोट उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. त्या बापड्यांस आम्ही दोष देत नाहीं. भ्यालेला देह असाच वागतो. त्यांच्या पायांत वेग होता, पण विचार करण्यास अवकाश मिळाला नाहीं.

१८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीस जाणाऱ्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान नाव आदळली व पंधरा जण मृत्यु पावले. अशा प्रसंगीं लाइफ जॅकेट शोधून बांधण्यास वेळ कोठून मिळणार?

म्हणून निवड आधींच करून ठेवावी. लाँचींत पाऊल टाकतांच जॅकेट अंगांत घालावें. बाहेर पडण्याची वाट पाहून ठेवावी. लाँच कलल्यास एका बाजूस गर्दी न करतां हाताशीं असेल तें घट्ट धरावें व तांडेलाची आज्ञा ऐकावी. मुलांकडून हें घरींच वारंवार करवून घ्यावें. कारण सरावाचें काम भयांतही हातून होतें, नवें काम तेव्हां सुचत नाहीं.