प्रौढांनी इंग्रजीचे कोणते पुस्तक हाती घ्यावे?

प्रौढ वयात इंग्रजी शिकू पाहणारी माणसे आपल्या समाजात थोडी नाहीत. नातवंडांच्या शाळेतून आलेली चिठ्ठी वाचता यावी असे एखाद्या आजीला वाटते. बँकेचा कागद दुसऱ्याच्या तोंडाकडे न पाहता समजावा असे एखाद्या दुकानदाराला वाटते. औषधाच्या वेष्टनावर काय छापले आहे ते स्वतःला कळावे, एवढीच एखाद्या गृहिणीची इच्छा असते. अशी मंडळी मोठ्या उमेदीने वर्गात नाव घालतात, महिना-दोन महिने येतात आणि पुढे येईनाशी होतात. मग लोक म्हणतात, "वय झाले, आता काय डोक्यात शिरणार?" आमच्या मते हा दोष बहुधा वयाचा नसतो, हाती दिलेल्या पुस्तकाचा असतो.

वयाच्या सबबीला आपल्या बडोद्यातच उत्तर आहे. श्रीमंत सयाजीराव महाराज १८७५ साली दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. १८८१ च्या अखेरीस त्यांनी राज्यकारभार हाती घेतला, तोवर ते चांगले वाचते झाले होते. पुढे १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणवले आणि खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या पाठवणारी फिरती वाचनालये सुरू केली. उशिरा सुरुवात झाली म्हणून वाचन खुंटत नाही, हे यावरून दिसून येते. मात्र योग्य पुस्तक योग्य वेळी हाती पडले पाहिजे.

पुस्तक निवडताना दोन टोके टाळावीत. एक टोक बालवाडीच्या पुस्तकाचे. ज्याने संसार केला, मुलींची लग्ने केली, त्याच्यापुढे बाहुली आणि फुग्याची चित्रे ठेवली तर तो मनातून शरमतो आणि ते पुस्तक घरी नेत नाही. दुसरे टोक वर्तमानपत्राचे. पहिल्याच आठवड्यात अग्रलेख हाती देणे म्हणजे 'पी हळद अन् हो गोरी' असा प्रकार झाला.

या दोहोंमधली वाट मायकेल वेस्ट या शिक्षकाने दाखवली. ते ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात होते. बंगाली विद्यार्थ्यांची वाचनपुस्तके तपासताना त्यांना दिसले की, नवे शब्द एकाच पानावर गर्दी करतात आणि त्यांतले पुष्कळसे पुन्हा कधी भेटतच नाहीत. म्हणून त्यांनी दोन नियम घातले. दुर्मिळ शब्दाच्या जागी नेहमीचा शब्द घालावा, आणि सुमारे पन्नास शब्दांमागे एकच नवा शब्द आणून तो वारंवार वापरावा. १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार उपयुक्त शब्दांची यादी प्रसिद्ध केली. पुढच्या काळातील संशोधकांनाही असेच आढळले की, शंभरांतले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असतील तरच कोशाचा आधार न घेता मजकूर नीट समजतो.

यावरून घरच्या घरी करण्यासारखी एक कसोटी निघते. साधारण अडीचशे शब्दांचे एक पान वाचावे. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे. पान संपेपर्यंत पाच बोटांत काम भागले तर पुस्तक आपल्या बेताचे आहे. दुसऱ्या हाताची बोटे लागली तर ते आदराने कपाटात ठेवावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा काढावे. एकही बोट मिटले नाही, तर मनोरंजनासाठी खुशाल वाचावे. त्यानेही वेग वाढतो.

अशी पायरीपायरीने रचलेली पुस्तके आज बाजारात मिळतात. 'ऑक्सफर्ड बुकवर्म्स' या मालेत पहिली पायरी ४०० शब्दांची आहे. पुढे ७००, १०००, १४००, १८०० आणि सहावी २५०० शब्दांची. विषय मोठ्यांचे आणि भाषा सोपी, हा त्यांचा गुण.

परंतु शब्दांच्या संख्येवर सर्वस्वी विसंबू नये. ऑग्डेन यांनी १९३० साली ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' मांडली. तीत क्रियापदे अवघी अठरा होती. साहजिकच उरलेला सगळा भार जोडशब्दांवर पडला. 'पुट' म्हणजे ठेवणे हे सर्वांना येते. पण 'पुट ऑन' म्हणजे अंगावर घालणे, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे. शब्द लहान असला तरी अर्थ लहान नसतो.

वाक्याची लांबीही पाहावी. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीचे कर्त्याला लागून येते. आपण 'जो मनुष्य काल आला तो' असे म्हणतो. इंग्रजी आधी मनुष्य सांगते आणि त्याची हकिकत मागाहून जोडते. अशी दोन-तीन उपवाक्ये लागली की मराठी वाचकाचा धागा तुटतो. चार्ल्स आणि मेरी लँब यांचे शेक्सपिअरच्या नाटकांवरील १८०७ चे कथापुस्तक मुलांसाठी लिहिलेले म्हणून पुष्कळजण सुचवतात. परंतु त्याची वाक्ये लांब व भाषा जुनी आहे. नवशिक्याला ते देऊ नये.

वर्तमानपत्रात मथळ्यांचे व्याकरण निराळे असते. 'मिनिस्टर टु व्हिजिट स्कूल' म्हणजे मंत्री शाळेला भेट देणार. 'बस हिट्स ट्री' म्हणजे बस झाडावर आदळली. घडून गेलेली गोष्ट तेथे वर्तमानकाळात येते. एवढी खूण सांगून ठेवली की मथळे वाचता येतात. तेव्हा प्रथम हवामान, मग मथळे, मग लहान बातम्या आणि अग्रलेख सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा.

विषय ओळखीचा असला तर निम्मे काम आधीच झालेले असते. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली इसापनीती मराठीत आणली, तेव्हापासून त्या गोष्टी आपल्या घरच्याच झाल्या आहेत. त्याच सोप्या इंग्रजीत वाचाव्यात. पुढे आर. के. नारायण यांचे 'स्वामी अँड फ्रेंड्स' किंवा 'मालगुडी डेज' घ्यावे. त्यातली शाळा, बाजार आणि देऊळ आपल्या पाहण्यातले असल्यामुळे अडलेला शब्द संदर्भाने उलगडतो. गांधीजींच्या आत्मकथेचा महादेवभाई देसाई यांनी केलेला इंग्रजी अनुवाद त्यानंतर वाचावा. मराठी किंवा गुजराती प्रत शेजारी ठेवली तर उत्तमच.

गोष्टींबरोबर रोजच्या उपयोगाचे कागदही वाचायला हवेत. 'बिफोर फूड' म्हणजे जेवणापूर्वी, 'आफ्टर फूड' म्हणजे जेवणानंतर, 'शेक वेल' म्हणजे बाटली नीट हलवून. या दोन-दोन शब्दांवर कधी कधी रोग्याचे बरेवाईट अवलंबून असते. बँकेची पावती, विजेचे बिल आणि रेल्वेचे तिकीट हीसुद्धा पाठ्यपुस्तकेच होत.

वाचण्याच्या रीतीविषयी थोडेसे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. शब्दाला शब्द तोलण्याची शिस्त तिने लावली. पण भाषांतर हा व्यायाम आहे, वाचन नव्हे. वाचताना प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर मराठी अर्थ लिहू नये. डोळा मग मराठीच वाचतो आणि इंग्रजी तशीच राहते. पान एकदा न थांबता वाचावे, मग अडलेले शब्द पाहावेत आणि शेवटी मजकूर आपल्या शब्दांत घरच्या कोणाला सांगावा. रोजची पंधरा मिनिटे आठवड्याच्या दोन तासांपेक्षा अधिक फळ देतात.

महोत्सवाच्या निमित्ताने आम्ही सभासदांना एक विनंती करतो. संस्थेच्या वाचनालयात प्रौढ वाचकांसाठी एक वेगळे कपाट असावे आणि त्यात पायरीवार पुस्तके लावावीत. प्रत्येक कुटुंबाने एकेक पुस्तक दिले तरी ते भरेल. त्यातून एका आजीला नातवाची चिठ्ठी स्वतः वाचता आली, तरी ते दान सत्कारणी लागले असे आम्ही समजू.