क्षयरुग्णाच्या रक्तातील कॅल्शियम

फुप्फुसांच्या क्षयरोगावर एके काळी कॅल्शियमची इंजेक्शने दिली जात. बरी झालेली क्षयाची गाठ कॅल्शियम साचून टणक होते. तेव्हा कॅल्शियम दिल्यास रोग लवकर हटेल, असा त्यामागील तर्क होता. प्रतिजैविके आल्यावर तो उपचार मागे पडला, समजूत मात्र मागे पडली नाही. ठाणे वा कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या दवाखान्यातून मोफत औषधे सुरू झाली, की शक्तीसाठी म्हणून दुकानातून कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणण्याचा मोह घरच्यांना होतो. येथेच सावध राहावयास हवे.

ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप एरवी प्रामुख्याने मूत्रपिंडे गरजेपुरते तयार करतात. क्षयजंतूंना वेढणाऱ्या पेशीही ते तयार करू शकतात, आणि त्यांवर तसा अंकुश नसतो. मग आतडी अन्नातील कॅल्शियम अधिक शोषून घेतात व काही रुग्णांच्या रक्तात ते वाढते. बहुधा ही वाढ सौम्य असते आणि क्षयाच्या उपचाराने ओसरते. परंतु बाहेरच्या गोळ्यांची भर पडली तर तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, क्वचित भ्रम अशी लक्षणे दिसू लागतात. मळमळीचा दोष क्षयाच्या औषधांना दिला जातो आणि रुग्ण तीच औषधे सोडतो. खरा धोका हा आहे.

उलट प्रकारही घडतो. रिफाम्पिसिनमुळे ड जीवनसत्त्वाचा ऱ्हास वाढतो. कुपोषणाने व रोगाने रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन घटते, त्याला बांधलेले कॅल्शियमही घटते, आणि तपासणीचा आकडा फसवा ठरतो. सर्वसाधारण प्रमाण दर डेसिलिटरला सुमारे 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम. अल्ब्युमिन 4 ग्रॅमपेक्षा जितके कमी, त्या प्रत्येक ग्रॅममागे 0.8 मिळवण्याची पद्धत आहे. अल्ब्युमिन 2.5 असता कॅल्शियम 8 आले, तर ते वस्तुतः 9.2, म्हणजे ठीक; पण 10.2 आले, तर ते 11.4 होय! कागदावर निर्धोक दिसणारा हा रुग्ण गोळ्यांपासून दूरच बरा.

याचा अर्थ आहार तोडावा असा नव्हे. मुरबाड-शहापूरकडील नाचणीत 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते; डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर नाचणीची भाकरी व दूध चालू ठेवावे. निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 1,000 रुपये मिळतात, ते अशाच अन्नासाठी आहेत. घरभेटीस जाणाऱ्या आशा कार्यकर्तीने रुग्णाकडील सर्व गोळ्यांची पाकिटे पाहून दवाखान्यात कळवावे.