सासरचे पत्र : पुरावा आणि संहिता

पत्र हा वाङ्मयप्रकार अभ्यासताना आपण बहुधा मान्यवरांचा पत्रव्यवहार समोर ठेवतो. सासरी गेलेल्या मुलीने माहेरी धाडलेले खाजगी पत्र मात्र अभ्यासकक्षेबाहेर राहते. असे पत्र न्यायालयात पुरावा म्हणून दाखल होते, तेव्हा त्याच्या वाचनाचा प्रश्न जीवन-मरणाचा होतो. 'शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्याच्या आधारे त्या वाचनाचा विचार येथे करावयाचा आहे.

मंजुश्री सारडा हिचे माहेर परभणी जिल्ह्याला लागून असलेल्या बीडचे. ११ फेब्रुवारी १९८२ रोजी तिचा विवाह झाला आणि अवघ्या चार महिन्यांनी, ११-१२ जूनच्या रात्री, पुण्यातील राहत्या घरी पोटॅशियम सायनाइडने तिचा मृत्यू झाला. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नव्हता. त्यामुळे अभियोगपक्षाची भिस्त परिस्थितिजन्य पुराव्यावर आणि तिने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांवर होती. सत्र न्यायालयाने पतीला देहदंड दिला, उच्च न्यायालयाने तो कायम केला. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै १९८४ रोजी त्याची निर्दोष मुक्तता केली.

न्या. मुर्तझा फझल अली यांच्या निकालपत्रात पत्रांचा विचार दोन पातळ्यांवर झालेला आढळतो. पहिली पातळी ग्राह्यतेची. तत्कालीन पुरावा कायद्याच्या कलम ३२(१) नुसार मृत व्यक्तीचे मृत्यूच्या कारणासंबंधीचे किंवा तत्संबंधी परिस्थितीविषयीचे कथन ग्राह्य ठरते. लिहिताना तिला मृत्यूची चाहूल असावीच लागते असे नाही. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २६ मध्ये आहे. दुसरी पातळी अर्थनिर्णयाची. पत्रांतील उपेक्षेची वेदना अभियोगपक्षाला छळाची खूण वाटली. न्यायालयाला मात्र त्याच शब्दांत एका हळव्या, खचलेल्या मनाचा प्रत्यय आला आणि आत्महत्येची शक्यता नाकारता येईना. संहिता एकच, वाचने दोन.

येथे वाङ्मयाच्या अभ्यासकाने पत्राचा संकेतव्यवहार ध्यानात घ्यावयास हवा. सासरहून येणाऱ्या पत्रात 'येथील सर्व मंडळी खुशाल' हे वाक्य माहिती देण्यासाठी नसते. ते मर्यादा पाळण्यासाठी असते. पत्र कोणाच्या हाती पडेल, कोण मोठ्याने वाचेल, याची धास्ती लेखणीला असते. म्हणूनच सांगावयाचे ते आडून येते. आपल्या भागातील जात्यावरच्या ओव्यांतही सासुरवास असाच माहेराच्या ओढीआडून व्यक्त होतो. आईवडिलांऐवजी बहिणीला किंवा मैत्रिणीला लिहिणे, ही वाचकाची निवडदेखील अर्थपूर्ण मानावी लागते.

तथापि या जाणिवेतून थेट दोषनिश्चितीकडे जाता येत नाही. संदिग्धता हे साहित्यकृतीचे बलस्थान असू शकते. फौजदारी न्यायात दोन अर्थ संभवत असतील तर आरोपीला अनुकूल अर्थच स्वीकारावा लागतो. विषप्रयोगाच्या खटल्यात हेतू, विषाने मृत्यू, आरोपीजवळ विष असणे आणि ते देण्याची संधी या चार बाबी सिद्ध व्हाव्या लागतात. आरोपीजवळ विष असल्याचे येथे सिद्ध झाले नाही. परिस्थितिजन्य पुराव्याची जी पाच तत्त्वे या निकालाने 'पंचशील' म्हणून मांडली, त्यांनुसार पुराव्याची साखळी अतूट हवी. तपासातून जो दुवा यावयास हवा होता, त्याची उणीव पत्रे भरून काढू शकत नव्हती. शब्द मनःस्थितीची साक्ष देतात. विष कोठून आले, हे सांगण्याचा भार त्यांच्यावर टाकता येत नाही.

न्यायालयाबाहेर तिसरे वाचन घडले. मंजुश्रीच्या मृत्यूनंतर पुण्यात विद्या बाळ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने नारी समता मंच उभा राहिला आणि 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन साकारले. या शीर्षकातील 'एक' हे पद महत्त्वाचे आहे. एका बहिणीला उद्देशून बोलणारा खाजगी 'मी' त्यामुळे अनेकींचा सार्वजनिक 'मी' झाला. न्यायालयाचा प्रश्न एका आरोपीपुरता होता. या वाचनाचा प्रश्न अशी पत्रे लिहावी लागणाऱ्या घरांविषयी होता. हुंडाविरोधी आंदोलनांच्या त्याच काळात, १९८३ मध्ये, भारतीय दंडसंहितेत पती व सासरच्यांच्या क्रूरतेसंबंधीचे कलम ४९८-अ समाविष्ट झाले. १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम ३०४-ब आले.

सारांश, न्यायालयीन वाचन शंकेचा फायदा देऊन थांबते आणि ते योग्यच होय. वाङ्मयीन वाचनाला शिक्षा ठोठावण्याचा अधिकार नाही. म्हणूनच ते शंकेपाशी अधिक काळ रेंगाळू शकते. आपल्या वर्गांतील विद्यार्थिनींपैकी अनेकजणी उद्या असाच मजकूर लिहितील किंवा त्यांना तो येईल, मग तो कागदावर असो वा मोबाइलवर. 'खुशाल' या शब्दामागे काय दडले आहे, हे लिहिणारी जिवंत असतानाच वाचता यावे, इतपत वाचनसंस्कार मराठीच्या वर्गात व्हावयास हवा.