दिवाळीच्या बाजारासाठी भाजीपाला : बी घेण्याआधी उलटे मोजा

तेरखेडा म्हटले की लोकांना फटाके आठवतात. येथील कारागिराला एक हिशोब शिकवावा लागत नाही. दिवाळीत विकायचा माल दिवाळीत करून चालत नाही. माल दुकानात कधी पोहोचला पाहिजे, त्याआधी वाळला कधी पाहिजे आणि कागद, सुतळी कधी आणली पाहिजे, असे तो सणाच्या दिवसापासून मागे मागे मोजत येतो. मात्र हाच माणूस आपल्या वीस गुंठ्यांत भाजी लावताना हा हिशोब विसरतो. जून-जुलैत बाजारात ज्या भाजीचा भाव चढलेला दिसतो, तिचेच बी उधारीवर उचलतो. फटाक्याचा उरलेला माल जपून ठेवता येतो, भाजी दुसऱ्या दिवशी शिळी होते. म्हणून ही चूक अधिक महाग पडते.

२०२३ सालचा टोमॅटो सर्वांच्या लक्षात असेल. त्या वर्षी जुलैत अनेक शहरांत किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला. तो पाहून पुष्कळांनी लागवड केली. सर्वांचा माल एकदम आला आणि सप्टेंबरमध्ये भाव इतका कोसळला की काही ठिकाणी शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. आजचा भाव म्हणजे दोन-तीन महिन्यांपूर्वी लावलेल्या पिकाचा भाव असतो. आपण आज लावू त्याचा तो नव्हे.

विक्रीचा दिवस ठरवा

पावसाळ्यात लावलेल्या भाजीला तीन मोठी गिऱ्हाइके असतात: पितृपक्ष, नवरात्र-दसरा आणि दिवाळी. पितृपक्षात घरोघरी श्राद्धाचा स्वयंपाक असतो. त्यासाठी गवार, भेंडी, कारले, भोपळा यांना मागणी वाढते, हे बागवान बंधूंना अनुभवाने ठाऊक आहे.

मात्र हे सण इंग्रजी तारखेला बांधलेले नाहीत. आपला रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकत सर्व ऋतूंतून फिरतो. हिंदू पंचांगात अधिक महिना धरून तो फरक भरून काढतात. त्यामुळे दिवाळी ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य यांच्यामध्येच मागेपुढे होते. लक्ष्मीपूजन २०२५ साली २१ ऑक्टोबरचे, तर २०२६ साली ८ नोव्हेंबरचे. हा अठरा दिवसांचा फरक आहे. मागच्या वर्षीच्या तारखेला पेरणी करणाऱ्याची भाजी अशा वेळी सणाआधीच संपत येते.

कोणत्या भाजीला किती दिवस?

काकडीला पेरणीपासून ४० ते ४५ दिवस, भेंडीला ४५ ते ५०, गवारीला ५० ते ५५ आणि दोडका-कारल्याला ५५ ते ६० दिवसांत पहिली तोडणी येते. कोथिंबीर सुमारे ४० दिवसांत तयार होते. मेथीला महिना पुरतो. वांग्याचे रोप पाच-सहा आठवड्यांचे करून लावावे लागते आणि नंतर दहा आठवडे जातात. म्हणून वांग्याचे बी जूनमध्येच गादीवाफ्यावर पडले पाहिजे. खरीप कांद्याला रोपासह जवळजवळ पाच महिने लागतात.

आता उलटे मोजा. २०२६ चा पितृपक्ष २७ सप्टेंबरला सुरू होतो. त्यातून गवारीचे ५५ दिवस वजा केले की ३ ऑगस्ट, म्हणजे आश्लेषा लागताना पेरणी येते. २०२५ साली हीच पेरणी जुलैच्या मध्यास, पुनर्वसू नक्षत्रात यायला हवी होती.

पाणी आणि जमीन

आपल्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये अनेकदा पावसाची उघडीप पडते आणि सप्टेंबरमध्ये तो जोरात येतो. म्हणजे पीक लहान असताना ताण आणि फळावर असताना पाणी साचणे, असे दुहेरी संकट. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंडा भागात उभी पिके पाण्याखाली गेली, ती आठवण ताजी आहे.

ज्यांच्या विहिरीचा भरवसा नाही, त्यांनी गवार आणि चवळी धरावी. ही पिके ताण सोसतात. एक-दोन पाणी देता येत असेल तर भेंडी घ्यावी. टोमॅटो, फ्लॉवर, कांदा ही पिके खात्रीचे पाणी आणि पाण्याचा निचरा असलेल्यानेच घ्यावीत. काळ्या भारी जमिनीत सपाट वाफ्यात कोथिंबीर किंवा कांदा लावणे म्हणजे सप्टेंबरात तो सडू देणे. तेथे गादीवाफा किंवा सरी-वरंबा हवाच.

वाण हंगामाचाच हवा

पीक बरोबर आणि वाण चुकीचा असला तरी पैसा बुडतो. फ्लॉवरमध्ये हे स्पष्ट दिसते. थंडीत येणारा स्नोबॉल जातीचा वाण लवकर लावला तर नुसता पाला वाढतो. लवकर येणारा पुसा दीपालीसारखा वाण उशिरा लावला तर गड्डा बटणाएवढा राहतो. कांद्यात एन-२-४-१ हा रब्बीचा, साठवणीचा वाण आहे. खरिपासाठी बसवंत ७८० किंवा एन-५३ घ्यावा. भेंडीत पाने-फळे पिवळी पाडणारा केवडा रोग पांढरी माशी पसरवते. त्याला तोंड देणारी परभणी क्रांती मराठवाडा कृषी विद्यापीठाने दिली. गवारीत पुसा नवबहार, कारल्यात हिरकणी आणि दोडक्यात फुले सुचेता हे माहितीतले वाण आहेत. बियाण्याची पक्की पावती घ्यावी आणि रिकामी पिशवी पीक निघेपर्यंत जपावी. बी उगवले नाही तर तक्रारीला हाच पुरावा लागतो.

वीस गुंठ्यांची मांडणी

समजा वीस गुंठे जमीन आणि बेताचे पाणी आहे. आठ गुंठे गवार (दीड किलो बी), सहा गुंठे भेंडी (पाऊण किलोपर्यंत बी), चार गुंठे मांडवावर दोडका किंवा कारले आणि दोन गुंठे कोथिंबीर, तीही एकदम न पेरता दहा-दहा दिवसांनी. बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे. चारही पिकांचा भाव एकाच वेळी पडणे अवघड असते. एकाने मार दिला तरी दुसरे खर्च भरून काढते. तोडणीला घरची माणसे किती, हेही आधी मोजावे. गवारीची तोडणी वेळखाऊ असते. सणाआधी घरातील सर्व हात फटाक्यांच्या कामात गुंतणार असतील, तर गवार कमी करून दोडका वाढवावा.

विक्री

२०१६ पासून राज्यात फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यास मोकळीक आहे आणि शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत कापण्याची पद्धत बंद करण्यात आली आहे. तेरखेडा महामार्गावर असल्याने येरमाळा, वाशी, कळंब, बार्शी असे अनेक बाजार जवळ पडतात. पेरणीआधीच दोन-तीन बागवान बंधूंना विचारावे की पितृपक्षात कोणता माल कमी पडतो. बागवानांनीही मनात न ठेवता सांगावे. वेळेवर चांगला माल आला तर त्यांचाही धंदा चालतो.

तेव्हा दुकानात बी मागण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा: कोणत्या दिवशी विकणार? त्याआधी किती दिवस लागतात? तोवर पाणी पुरेल काय? तोडायला माणसे आहेत काय? चारही उत्तरे जुळली तरच पैसा टाका. एक जरी अडले, तर पीक बदला किंवा गुंठे कमी करा. उधारी करून नशीब अजमावू नका.