एअर विंगमध्ये जायचंय? मग हे वाचा



कॉलेज सुरू झालं की ग्राउंडवर एन.सी.सी. एअर विंगच्या भरतीची रांग लागते आणि होस्टेलवर दरवर्षी तेच प्रश्न फिरतात. विमान चालवायला देतात का? चष्मा चालतो का? नंतर एअर फोर्समध्ये जावंच लागतं का? मी आता टी.ई.ला, म्हणजे कॅडेट म्हणून तिसऱ्या वर्षाला आहे. जे पाहिलं ते सांगते.

थोडा इतिहास

एन.सी.सी.ची स्थापना १९४८च्या कायद्याने झाली. एअर विंग १ एप्रिल १९५० रोजी सुरू झाली, तीही मुंबई आणि कलकत्ता इथल्या एकेका एअर स्क्वाड्रनने. म्हणजे महाराष्ट्र हिच्यात पहिल्या दिवसापासून आहे. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजांत एन.सी.सी. सक्तीची झाली होती. १९६८ पासून ती पुन्हा ऐच्छिक आहे. त्यामुळे आज तुम्हाला कोणी ओढून नेणार नाही.

भरती

फॉर्म, पालकांची संमती, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, थोडं पळणं आणि छोटासा इंटरव्ह्यू, एवढंच असतं. कॅडेट व्हायला चष्म्याची अडचण नाही. वायुदलाची पायलटसाठीची मेडिकल वेगळी आणि खूपच कडक असते, लोक दोन्हींची गल्लत करतात. आणि बाँड नसतो. कोर्स संपला की तुम्ही खुशाल सॉफ्टवेअर कंपनीत जाऊ शकता.

परेड आणि अभ्यास

परेडच्या दिवशी मेसचा चहा सुरू व्हायच्या आधी उठायचं. बूट चमकलेले, युनिफॉर्मला कडक इस्त्री (आणि अख्ख्या मजल्यावर इस्त्री एकच!). 'सावधान', 'विश्राम', 'तेज चल' या सगळ्या ऑर्डर्स हिंदीत. ड्रिलनंतर क्लास होतात : उड्डाणाची तत्त्वं, एअरक्राफ्ट इंजिन, नॅव्हिगेशन, हवामान. शिवाय रायफल फायरिंग आणि दहा दिवसांचा वार्षिक कँप, जिथे आपलं ताट आपणच घासायचं.

खरी मजा : एरोमॉडेलिंग

आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांनी एअर विंगमध्ये का यावं, याचं उत्तर मला इथे मिळालं. बाल्सा लाकडाचा साधा हातफेकीचा ग्लायडर घ्या. त्याचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश रुंदीवर यावा लागतो. तो फार मागे गेला तर नाक वर उठतं, वेग मरतो, पंखाला लिफ्ट मिळेनाशी होते आणि ग्लायडर कोसळतो. यालाच स्टॉल म्हणतात. नाकाला प्लॅस्टिसिनची गोळी लावली की तोच ग्लायडर शहाण्यासारखा तरंगत जातो. गोळी जास्त झाली तर सरळ जमिनीत! एफ.ई.च्या मेकॅनिक्समध्ये आपण मार्कांसाठी जो मोमेंट काढतो, तो इथे डोळ्यांनी दिसतो.

पुढची पायरी म्हणजे कंट्रोल लाइन मॉडेल. दोन बारीक तारा, हातात हँडल, मॉडेलमध्ये बेलक्रँक आणि त्याला जोडलेला एलिव्हेटर. मॉडेल गोल फिरतं आणि मध्ये उभा असलेला कॅडेटही त्याच्याबरोबर गरगर फिरतो.

विमान चालवायला देतात का?

देतात, पण भरवसा धरू नका. दोन सीटचं मायक्रोलाइट, शेजारी इन्स्ट्रक्टर. वारा, व्हिजिबिलिटी, रनवे आणि विमान हे सगळं एकाच सकाळी जमून यावं लागतं, आणि कॅडेट्स भरपूर. माझ्या वाट्याला आतापर्यंत एकच सॉर्टी आली. त्यात आकाशापेक्षा जास्त लक्षात राहिली ती चेकलिस्ट. इतकी वर्षं उडणारा माणूस, तरी प्रत्येक पॉइंट कार्डावरून वाचून तपासत होता. पाठ आहे म्हणून सोडून द्यायचं नाही, हे मी लॅबमध्येही पाळायला लागले आहे.

सर्टिफिकेटचं गणित

हे मात्र नीट समजून घ्या. दुसऱ्या वर्षी 'बी' आणि तिसऱ्या वर्षी 'सी' सर्टिफिकेटची परीक्षा असते. त्यासाठी ७५ टक्के परेड हजेरी आणि कँप लागतातच. म्हणजे एफ.ई.ला आलात तर टी.ई.ला 'सी' होतं आणि बी.ई.चं वर्ष मोकळं मिळतं. एस.ई.ला आलात तर 'सी', प्रोजेक्ट आणि प्लेसमेंट एकाच वर्षी अंगावर येतात. टी.ई.ला विचार सुरू केलात तर 'सी' विसरा.

'सी'चा फायदा काय? ज्यांना पायलट व्हायचं आहे, त्यांच्यासाठी एअर विंगच्या 'सी' सर्टिफिकेटवर वायुदलाची एन.सी.सी. स्पेशल एंट्री आहे. त्यात ए.एफ.कॅटची लेखी परीक्षा न देता थेट ए.एफ.एस.बी. इंटरव्ह्यूला जाता येतं. जागा मात्र मोजक्या, आणि डिग्रीला ६० टक्के हवेत. त्यामुळे परेडच्या नावाखाली के.टी. लावून घेऊ नका!

हजेरीची ओढाताण होते, रविवारची झोप जाते, सबमिशनच्या आठवड्यात तर रडू येतं. हे सगळं परवडत असेल तरच या. पण यायचं असेल तर एफ.ई.च्या दोस्तांनो, 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू नका. नोटीस बोर्डावर भरतीची तारीख लागली की बूट घालून ग्राउंडवर हजर राहा.