पूर्वजांचा शोध

आपल्या पेशींतील डीएनए निम्मा आईकडून व निम्मा वडिलांकडून मिळतो. आता घरूनच लाळेचा नमुना पाठवून त्याची तपासणी करता येते. दोघांचा डीएनए पुरेसा जुळला, की अनोळखी माणसेही नातेवाईक ठरतात.

कोकणातील बेने इस्रायल समाजाची भाषा मराठी. ‘आमचे ज्यू पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले,’ असे त्यांचे वाडवडील सांगत. हे खरे असेल का? २०१६ साली या समाजाच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या पूर्वजांत ज्यूही होते आणि भारतीयही, असे दिसून आले.

जहाजाची गोष्ट मात्र डीएनए सांगत नाही. ती वडीलधाऱ्यांनीच जपली. म्हणून मुलांनो, आजी-आजोबांच्या आठवणी आजच वहीत लिहून ठेवा.