गंजलाय म्हणून मेलाय असं नाही

जर्मनीतल्या बऱ्याच शहरांत पाया खणायचा तर आधी एक कागद हातात लागतो. या जमिनीत युद्धातला दारूगोळा उरलेला नाही, असं सांगणारा. आपल्याकडून नव्यानं आलेल्या इंजिनिअर पोरांना तो सरकारी सोपस्कार वाटतो. युद्ध 1945 ला संपलं, आता जमिनीत काय राहिलंय, असा त्यांचा सूर. मी इथे साइटवरच काम करतो, म्हणून सांगतो: भरपूर राहिलंय. दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी टाकलेल्या बॉम्बपैकी दहातला एखादा तरी फुटलाच नाही, असं इथले जाणकार धरून चालतात.

तो कागद तयार कसा होतो, हे पाहण्यासारखं आहे. बॉम्बफेकीनंतर किती नुकसान झालं हे बघायला दोस्तांचीच विमानं वरून फोटो काढत. ते फोटो आज या कामाला येतात. मोठे खड्डे दिसतात तिथे फारशी काळजी नसते, तो बॉम्ब फुटून मोकळा झालेला. बारीक नजर ठेवायची ती शेजारच्या इवल्याशा काळ्या ठिपक्यावर, कारण तिथे काहीतरी जमिनीत घुसलं आणि गप्प बसलं. मग त्या भागात ठरावीक अंतरावर भोकं पाडून आत लोखंड शोधणारं यंत्र सोडतात. इतकं करूनही एखादा निसटतोच.

आमच्या एका साइटवर निसटला होता. पोकलेनवर एक वयस्क जर्मन ऑपरेटर होता, दिवसभरात चार वाक्यं बोलणारा. बकेट कशाला तरी घासली आणि त्यानं इंजिन बंद केलं. बकेट उचलली नाही, मागे घेतली नाही, जिथे होती तिथेच राहू दिली. पलीकडच्या बाजूनं उतरला आणि आम्हाला हातानं मागे हाकलत चालू लागला. आमच्यातला एक उत्साही पोरगा मोबाइल काढून पुढे सरकला, तर त्याची कॉलर धरून त्याला ओढत आणला. त्या पोराला अपमान वाटला. वाटू दे. मातीतून हातभर गंजका लोखंडी फुगवटा दिसत होता, गॅसच्या सिलिंडरसारखा. एवढ्यावरून ते काय आहे हे ठरवणं माझं काम नाही आणि त्या पोराचंही नाही.

घोळ होतो तो गंजामुळे. इतका सडलेला पत्रा, आत काय जीव असणार, असं वाटतं. पण आतली टीएनटीसारखी स्फोटकं मातीत ऐंशी वर्षं पडूनही नासत नाहीत. म्हातारा होतो तो फ्यूज, आणि म्हातारपणी तो जास्तच तिरसट होतो. काही बॉम्ब मुद्दाम उशिरा फुटावेत म्हणून त्यांच्यात ॲसिटोनची काचेची कुपी असे. बॉम्ब पडला की कुपी फुटायची, ॲसिटोन सेल्युलॉइडची चकती विरघळवायचं, आणि चकतीनं अडवून धरलेली पिन काही तासांनी सुटायची. बर्लिनजवळच्या ओरानिएनबुर्गमध्ये मऊ मातीत घुसलेले असे कितीतरी बॉम्ब खाली कठीण थराला लागून उलटे फिरले, नाक वर करून बसले. ॲसिटोन चकतीपासून दूर ओघळलं. ती चकती अजून तशीच आहे, दरवर्षी जरा जास्त ठिसूळ होत.

ती तुटायला कुणाचा हात लागावा लागतोच असं नाही. 2019 च्या जूनमध्ये लिम्बुर्गजवळच्या आलबाख इथे पहाटे चारच्या सुमारास शेतातला बॉम्ब आपोआप फुटला, दहा मीटर रुंदीचा खड्डा पडला. नशिबानं शेतात कुणी नव्हतं. 2010 मध्ये ग्योटिंगेनला मात्र निकामी करण्याचं काम सुरू होण्याआधीच बॉम्ब फुटला आणि पथकातले तिघे गेले. ज्यांचा हा रोजचा धंदा, त्यांची ही गत.

म्हणून असं काही दिसलं तर हात लावू नका, हलवू नका, माती झटकून बघू नका, खूण म्हणून शेजारी खुंटी ठोकू नका. आलात त्याच वाटेनं मागे फिरा, इतरांना अडवा आणि 110 ला फोन करा. लोक हातबॉम्ब पिशवीत घालून थेट पोलीस ठाण्यात नेतात. त्याला कर्तव्यदक्षता म्हणणारे असतील, मी म्हणत नाही.

जवळपास बॉम्ब सापडला म्हणून घर रिकामं करायची वेळ आली तर वाद घालू नका. 2017 मध्ये फ्रँकफर्टला सुमारे 1.4 टन स्फोटकं भरलेल्या एका ब्रिटिश बॉम्बसाठी साठ हजारांवर लोकांना एका रविवारी बाहेर काढलं होतं. शेवटचा माणूस बाहेर पडल्याशिवाय पथक कामाला हात लावत नाही, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर दार न उघडता बसलेला एक जण हजारो लोकांना शाळेच्या हॉलमध्ये ताटकळत ठेवतो. पासपोर्ट, रोजची औषधं, बाळाचं दूध घ्या आणि गॅस बंद करून निघा. भारतातून आलेले आईवडील घरी एकटे असतील, तर त्यांना हे आधीच समजावून ठेवा. दारावर वर्दीतला माणूस जर्मन बोलू लागला की ती दोघं घाबरून कडीच काढत नाहीत.

बाल्टिकच्या किनाऱ्यावर सुट्टीला जाणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. उझेडोम बेटावर वाळूत पिवळसर खडे सापडतात, लोक अंबर म्हणून वेचतात. त्यातला एखादा पांढरा फॉस्फरस असतो, 1943 मध्ये पेनेम्युंडेवर टाकलेल्या आगबॉम्बमधला. ओला असेपर्यंत शांत. खिशात सुकला आणि अंगाची ऊब मिळाली की पेट घेतो. वेचायचेच असतील तर झाकणाच्या डब्यात वेचा, खिशात कधीच नको. पेटलाच तर कपडे ताबडतोब काढून फेका, भाजलेला भाग पाण्यानं ओला ठेवा आणि 112 फिरवा.

आठवण म्हणून काही उचलून आणायची हौस तर आपल्याला फार. 2022 मध्ये एका अमेरिकन कुटुंबानं गोलन टेकड्यांवर सापडलेला तोफगोळा तेल अवीवच्या विमानतळावर सामानातून काढून दाखवला, आणि तिथे पळापळ झाली. मी देवळालीकडचा. तोफखान्याच्या सरावाच्या मैदानात पितळ वेचायला जाणाऱ्यांच्या गोष्टी ऐकत वाढलो. तिथे पोटाची मजबुरी असते, ती समजते. सुटकेसमधल्या तोफगोळ्याला काय म्हणावं?

आपला फोन फुकट गेला तर हसं होईल, ही भीती बाळगू नका. एकदा आमच्याकडे सगळी साइट रिकामी केली, रस्ता अडवला, पथक आलं, आणि निघाला पाणी तापवायचा जुना बंब. पथकातल्या माणसानं तो पायानं ढकलला, फॉर्म भरला आणि जाताना पोकलेनवरच्या त्याच ऑपरेटरशी हात मिळवून गेला.